पिण्याच्या पाण्यासाठी फिरता निधी : अमेरिकी कर्जयोजनेची पार्श्वभूमी

बचत गटातल्या बाईला फिरता निधी समजावून सांगावा लागत नाही. एकीने शेळीसाठी कर्ज उचललं, हप्ते फेडले, की तेच पैसे दुसरीच्या शिलाई मशीनच्या कामी येतात. अमेरिकेत गावांच्या आणि शहरांच्या नळयोजना सुधारण्यासाठी सरकारचा जो निधी आहे, तो याच तत्त्वावर चालतो. तो उभा राहायला मात्र १९९६ साल उजाडावं लागलं.

पाण्यासाठी सरकारी कर्ज ही त्या देशात नवी गोष्ट नव्हती. महामंदीच्या काळात, १९३३ पासून, काही हिस्सा अनुदान आणि उरलेलं कर्ज अशा पद्धतीने स्थानिक संस्थांच्या पाणीयोजनांना केंद्राचा पैसा मिळाला. १९३७ च्या कायद्याने पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांतल्या शेतकऱ्यांना पाण्याच्या सोयीसाठी कर्ज मिळू लागलं, आणि १९६५ पासून ग्रामीण वस्त्यांना कर्जाच्या जोडीला अनुदानही. शहरं बहुतेक करून रोखे काढून आपलं भागवत.

१६ डिसेंबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सुरक्षित पेयजल कायद्यावर सही केली. नळाच्या पाण्यात काय किती चालेल याची मानकं देशभरातल्या सार्वजनिक योजनांना बंधनकारक झाली. १९८६ च्या दुरुस्तीने तर ८३ घटकांसाठी मानकं ठरवायला सांगितलं, आणि पुढे दर तीन वर्षांनी आणखी २५. नियम वाढत गेले, पण ते पाळायला लागणारा पैसा कुणी दिला नाही. सांडपाण्याची गोष्ट वेगळी होती. १९७२ च्या कायद्याने सांडपाणी केंद्रांना खर्चाच्या ७५ टक्के अनुदान दिलं, आणि १९८७ मध्ये त्याची जागा फिरत्या निधीने घ्यायची असं ठरलं. पिण्याच्या पाण्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मैलापाण्याला अब्जावधी डॉलर आणि प्यायच्या पाण्याला नुसती नियमावली, हा क्रम मला आजही खटकतो.

मग १९९३ चा वसंत आला. मिलवॉकी शहराला मिशिगन सरोवराचं पाणी पुरवणाऱ्या दक्षिणेकडच्या शुद्धीकरण केंद्रात शुद्ध केलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढला. त्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी गाळणीपलीकडे निसटला. तो क्लोरीनला दाद देत नाही. गाळण नीट चाललं तरच तो अडतो. सुमारे ४ लाख ३ हजार लोकांना जुलाबांनी गाठलं. मेलेल्यांत बहुसंख्य एड्सचे रुग्ण होते. श्रीमंत देशातल्या, चांगली यंत्रणा असलेल्या शहरात हे घडलं, म्हणून त्याचा धक्का थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचला.

६ ऑगस्ट १९९६ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या, पेयजल कायद्याच्या दुरुस्तीत पेयजलाचा फिरता निधी आला. त्यासाठी ९.६ अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर झाली. केंद्राने १०० डॉलर दिले तर राज्याने २० घालायचे. कुणाला किती कर्ज द्यायचं हे राज्य ठरवणार. व्याज शून्यापासून बाजारभावापर्यंत काहीही, मुदत तेव्हा साधारण २० वर्षं, आणि परत आलेला हप्ता पुन्हा निधीत. किमान १५ टक्के रक्कम १० हजारांहून कमी लोकसंख्येच्या योजनांसाठी राखायची. धरण किंवा जलाशय बांधायला यातून पैसे मिळत नाहीत. शुद्धीकरण, जुन्या जलवाहिन्या, साठवण टाक्या ही यातली कामं. आपल्याकडे जलजीवन मिशनचा पैसा केंद्र आणि राज्याच्या तिजोरीतून येतो आणि खर्च होऊन संपतो. या निधीत मात्र तोच डॉलर फेडला गेला की पुन्हा दुसऱ्या गावाच्या टाकीला लागतो. ही रचना मला फार मोलाची वाटते.

पण कर्ज फेडायचं पाणीपट्टीतून. तीन-चारशे घरांच्या गावाला नवं गाळण केंद्र बांधायचं असेल, तर बिनव्याजी कर्जाचा हप्ताही जड जातो. ज्या गावाची गरज सगळ्यात मोठी, त्याचीच ऐपत सगळ्यात कमी. म्हणून मूळ कायद्यातच दुर्बल वस्त्यांना ३० वर्षांची मुदत आणि काही कर्ज माफ करण्याची सोय होती. २००९ च्या मंदीत या निधीत आलेल्या २ अब्ज डॉलरपैकी किमान निम्मे माफी किंवा अनुदान म्हणून द्यायचं ठरलं.

२०१४ मध्ये मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला. नदीचं पाणी गंजरोधक प्रक्रिया न करता सोडलं, आणि जुन्या पाइपांतलं शिसं मुलांच्या पोटात गेलं. त्यानंतर शिशाचे पाइप हा देशभराचा प्रश्न झाला. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या निधीत पाच वर्षांसाठी ३० अब्ज डॉलरहून अधिक घातले. त्यातले १५ अब्ज केवळ शिशाच्या पाइपांसाठी आहेत, आणि त्यातले ४९ टक्के परतफेडीविना द्यायचे आहेत.

असा पाइप ओळखणं अवघड नाही. घरात शिरणारी नळी नाण्याने हलकेच खरवडली की शिसं चांदीसारखं चमकतं, आणि लोहचुंबक त्याला चिकटत नाही. अडचण मालकीची आहे. रस्त्याकडचा तुकडा बहुधा पालिकेचा, अंगणातला घरमालकाचा. पालिकेने फक्त आपला तुकडा बदलला, तर कापाकापीने हललेलं शिसं काही काळ उलट जास्तच पाण्यात उतरतं. म्हणून या १५ अब्जांतून पाइप बदलायचा तर तो मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत पूर्ण बदलावा लागतो, अंगणातल्या तुकड्यासकट.