घोटा-दंड दाब गुणोत्तर

घोट्याजवळच्या धमनीतील वरच्या, म्हणजे सिस्टोलिक, रक्तदाबाला दंडातील वरच्या दाबाने भागून येणारा आकडा. पायांच्या धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या आहेत का, हे पाहण्याची ही पहिली तपासणी. डॉक्टरमंडळींत ती ‘एबीआय’ (अँकल-ब्रेकियल इंडेक्स) म्हणून ओळखली जाते. निरोगी माणूस आडवा असताना घोट्यातला दाब दंडातल्या दाबाएवढा किंवा थोडा जास्त असतो. वाटेत अडथळा असला की तो उतरतो.

तपासणी कोणाची करावी, हे बऱ्याचदा तक्रारीवरूनच कळते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत थांबतो आणि तेवढेच चालले की पुन्हा येतो. कमरेच्या मणक्यात नस दबली असेल तर उभे राहून भागत नाही; बसावे किंवा पुढे वाकावे लागते. फुगलेल्या निळ्या शिरा हा आणखी वेगळा आजार. तिथे रक्त परत वर चढत नाही, इथे ते खाली पोचतच नाही.

साहित्य फार लागत नाही: रक्तदाबाचे यंत्र, योग्य रुंदीचा पट्टा, जेल आणि ८ मेगाहर्ट्‌झच्या आसपासची हातात धरायची डॉपलर पेन्सिल, म्हणजे धमनीतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे छोटे यंत्र. रुग्णाने आधीचे दोन तास बिडी-सिगारेट ओढू नये आणि उबदार खोलीत ५ ते १० मिनिटे उताणे पडून राहावे. बसवून मोजण्याची घाई करू नये: पाय हृदयापासून जितका खाली, तितका रक्ताच्या स्तंभाचा भार आकड्यात मिसळतो, दर १३ सेंटिमीटरला सुमारे १० मिलिमीटर पारा. पट्ट्याची खालची कड घोट्याच्या हाडापासून २ सेंटिमीटर वर ठेवतात. आतल्या घोट्यामागची आणि पावलाच्या पाठीवरची, अशा दोन धमन्या डॉपलरने शोधतात. पट्टा फुगवत आवाज बंद झाल्यावर दाब आणखी २० मिलिमीटर वाढवायचा आणि सेकंदाला २ मिलिमीटर या गतीने हवा सोडायची. आवाज परत येतो तो आकडा लिहायचा. दोन्ही दंडांतही हेच.

समजा दंडांत १५० आणि १४० आले, डाव्या पायात ९० आणि ७८, उजव्यात १५६ आणि १४८. प्रत्येक पायाचा मोठा आकडा दंडाच्या मोठ्या आकड्याने भागायचा: डावा ०.६०, उजवा १.०४. दोन दंडांत २० पेक्षा जास्त फरक निघाला, तर हाताच्या धमनीचीच शंका घ्यावी.

१.०० ते १.४० ठीक, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० किंवा खाली म्हणजे धमनीविकार, ०.४० खाली म्हणजे गंभीर. चुका मात्र नेहमीच्याच. अरुंद पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. पेन्सिल दाबून धरली किंवा हवा भरकन सोडली तर खोटा घटतो. घरगुती स्वयंचलित यंत्र कमी दाबावर अडखळते, म्हणून पायासाठी त्यावर विसंबू नये.

सर्वांत फसवा आकडा १.४० च्या वरचा. जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार यांत धमनीच्या भिंतीत चुना (कॅल्शियम) साठतो, ती पट्ट्याने दबत नाही आणि बिघडलेला पाय कागदावर धडधाकट दिसतो. चुन्यामुळे कधी आकडा नेमका १.१० वर येऊन बसतो, ते अधिक घातक. पावलावर न भरणारी जखम असेल तर पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा. त्याचे दंडाशी गुणोत्तर ०.७० किंवा कमी असणे दोषी, आणि ३० मिलिमीटरखालच्या दाबावर जखम भरण्याची आशा थोडी. उलट, लक्षणे खरी पण विश्रांतीतला आकडा बरा असेल, तर ट्रेडमिलवर चालवून पुन्हा मोजतात.

उपचारात तंबाखू सोडणे पहिले. मिश्री आणि मळलेली तंबाखूही त्यात आली. तरुण बिडीबाजांना होणाऱ्या बर्गरच्या आजारात तर बारीक धमन्याच बंद झालेल्या असल्याने बायपासला जागा क्वचितच उरते, आणि तंबाखू पूर्ण थांबवणे हाच पाय वाचवण्याचा खात्रीचा मार्ग. धमन्या चरबीने अरुंद झालेल्यांना चालण्याचा व्यायाम देतात: गोळा येईपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. जोडीला रक्ताची गुठळी होऊ न देणारे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन. सिलोस्टॅझोल १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतल्याने चालण्याचे अंतर वाढते, पण हृदय निकामी होत असलेल्यांना ते वर्ज्य. एवढ्यानेही भागले नाही, किंवा रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवावा लागू लागला, तर फुग्याने धमनी रुंदावणे किंवा पायाच्याच शिरेचा बायपास. फुग्याच्या उपचाराचा पूर्वज चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत पायाच्याच धमनीवर वापरला, हृदयावर नव्हे.

थंड पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही आणि ती जखम भरायला रक्त नसते. गुणोत्तर न मोजता घट्ट दाबाचे मोजे घालणेही धोक्याचे. पाय अचानक पांढरा, थंड, बधिर आणि दुखरा झाला, तर रक्तप्रवाह साधारण सहा तासांत परत सुरू व्हावा लागतो. अशा वेळी गुणोत्तर मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.