चीविता दी बान्योरेजो : पुलापलीकडच्या गावाची पार्श्वभूमी

रोमच्या उत्तरेस सुमारे 120 किलोमीटरवर, लात्सियो प्रांतातील वितेर्बो जिल्ह्यात, चीविता दी बान्योरेजो नावाचे एक लहानसे गाव उभ्या कड्यांच्या डोंगरमाथ्यावर वसलेले आहे. सुमारे 300 मीटर लांबीचा एक अरुंद, चढणीचा पूल पायी ओलांडल्याखेरीज तेथे जाता येत नाही. पर्यटकांना हे गाव 'मध्ययुगात थांबलेले' म्हणून दाखवले जाते. हे वर्णन आकर्षक असले तरी पुरेसे खरे नाही, कारण गावाचा पाया मध्ययुगाच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याचे आजचे रूप मुख्यतः मध्ययुग संपल्यानंतरच्या पडझडीतून व स्थलांतरातून घडले आहे. म्हणून तेथे जाण्यापूर्वी हा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

टायबर नदीचे खोरे आणि बोल्सेना सरोवर यांच्या मधल्या मुलखात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी, म्हणजे रोमच्या वर्चस्वाआधी मध्य इटलीत नांदणाऱ्या लोकांनी, ही वस्ती केली. त्यांनी जागा निवडली ती तीन कारणांनी सोयीची होती: कडे उभे असल्याने संरक्षण सोपे होते, नदी आणि सरोवर यांना जोडणारी वाट जवळून जात होती, आणि माथ्यावरचा दगड हत्याराने सहज कोरता येत होता. त्यांनी खोदलेली दालने आजही घरांच्या पोटात आहेत. एकेकाळी जी थडगी होती, त्यांतली काही पुढच्या पिढ्यांनी दारूची तळघरे आणि ऑलिव्हच्या तेलाचे घाणे म्हणून वापरली, आणि अशा एखाद्या तळघरात उतरले की भिंतींवर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. इसवी सनपूर्व 264 मध्ये रोमनांनी जवळचे व्होल्सिनी हे एट्रुस्कन नगर उद्ध्वस्त केले आणि तेथील रहिवाशांना बोल्सेना सरोवराच्या काठी वसवले. त्यानंतर हा सगळा टापू रोमच्या अमलाखाली गेला. सान दोनातो चर्चसमोरच्या चौकात उभे असलेले जुन्या खांबांचे तुटके बुंधे त्या काळाची खूण मानले जातात.

रोमन साम्राज्य कोसळल्यावर मध्य इटलीत डोंगरमाथ्याचे महत्त्व पुन्हा वाढले. सपाटीवरचे रस्ते असुरक्षित झाले होते, दलदलीच्या खोऱ्यांत हिवतापाचे थैमान होते, आणि दहाव्या ते बाराव्या शतकांत जमीनदार सरदारांनी विखुरलेल्या शेतकऱ्यांना तटबंदीच्या आत एकत्र आणून वसवण्याचे धोरण अवलंबले. या प्रक्रियेला इतिहासकार 'इन्कास्तेल्लामेंतो' म्हणतात. आज लात्सियो, उंब्रिया आणि तस्कनीत गाडीच्या काचेतून टेकडीमागून टेकडीवर जी गावे दिसतात, त्यांतली पुष्कळशी याच काळात आकाराला आली. शेत खाली आणि घर वर, असा त्यांचा शिरस्ता होता. शेतकरी रोज सकाळी उतरत आणि संध्याकाळी चढत. गावात जनावरे, धान्य, विहिरी आणि देऊळ सगळे तटाच्या आत असे. चीविताचे वेगळेपण असे की तेथे वस्ती नव्याने उभारावी लागली नाही, जुनीच वस्ती पुन्हा उपयोगी पडली.

'चीविता' हा शब्द लॅटिन 'चिव्हितास' म्हणजे नगर या शब्दावरून आला असून, जेथे बिशपचे पीठ असे त्या गावाला हा मान मिळे. बान्योरेजो म्हणजे 'राजाचे स्नानगृह'. इटलीवर राज्य करणाऱ्या लोंबार्ड या जर्मानिक लोकांचा राजा देसिदेरियुस येथील उष्ण झऱ्यांत स्नान करून बरा झाला, म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. परंतु देसिदेरियुस आठव्या शतकातला, तर 'बाल्नेउम रेजिस' हे नाव पोप ग्रेगरी पहिला यांच्या इसवी सन 600 च्या सुमाराच्या पत्रात आधीच आलेले आहे. तेव्हा ही आख्यायिका नावाच्या उगमासाठी ग्राह्य धरता येत नाही. बिशपपीठामुळे गावाला जे वजन होते, त्याचे केंद्र म्हणजे सान दोनातो. हे चर्च सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कॅथेड्रल होते.

तेराव्या शतकात या गावात जोव्हान्नी फिदान्झा नावाचा मुलगा जन्मला, जो पुढे संत बोनाव्हेंतूरा म्हणून प्रसिद्धीस आला. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या संघाचा प्रमुख म्हणून 1257 मध्ये त्याची निवड झाली, 1273 मध्ये तो कार्डिनल झाला आणि 1274 मध्ये ल्योनच्या धर्मपरिषदेच्या वेळी त्याचे निधन झाले. ज्या घरात तो वाढला असे सांगतात, ते घर आता नाही. कड्याच्या काठावरची ती जागा केव्हाच दरीत गेली. गावातल्या सर्वांत नामांकित माणसाचे घरही या मातीने राखले नाही, हे लक्षात घेतले की चीविताच्या इतिहासात भूगर्भाला इतके स्थान का द्यावे लागते ते पटते.

त्याचे कारण असे. गाव बोल्सेना परिसरातील जुन्या ज्वालामुखींनी उधळलेल्या राखेच्या टफ दगडावर उभे आहे. टफ कोरायला सोपा आणि बांधकामाला हलका, पण त्यात उभ्या भेगा असतात. त्याखाली समुद्राच्या तळाशी साचलेल्या मातीचा, म्हणजे चिकणमातीचा जाड थर आहे. रिओ कियारो आणि रिओ तोर्बिदो हे ओढे दोन्ही बाजूंनी या मातीचा पाया पोखरतात. पावसाने माती सुटते, तिच्यावरच्या टफचा आधार जातो आणि भेगेवर दगडाची अख्खी फाकच सुटून खाली येते. याच झिजेमुळे भोवतीच्या दऱ्यांत धारदार, करड्या रंगाचे मातीचे कडे तयार झाले आहेत. त्यांना तेथे 'कालांकी' म्हणतात. जंगलतोड आणि शेतीने ही झीज वाढवली, पण ती मूळची निसर्गाची आहे. म्हणजे ज्या कड्यांनी गावाचे शत्रूपासून रक्षण केले, तेच कडे दरवर्षी थोडे थोडे गाव घेऊन जातात.

मध्ययुगाच्या अखेरीस गाव राजकारणातही गुंतलेले होते. ओर्व्हिएतो या जवळच्या नगरातील बलाढ्य मोनाल्देस्की घराण्याशी त्याचा संघर्ष होता. वेशीवरच्या सांता मारिया दरवाजाकडे नीट पाहिले, तर दोन दगडी सिंहांच्या पंज्यांखाली माणसांची मुंडकी दिसतात. 1457 मध्ये लोकांनी त्या घराण्याची सत्ता झुगारली, त्याचे हे स्मारक मानले जाते. पर्यटक या कमानीखाली छायाचित्र घेऊन घाईने पुढे जातात. तिथे दोन मिनिटे थांबावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

निर्णायक घटना घडली 11 जून 1695 रोजी. त्या दिवशीच्या भूकंपाने घरे पडली, आणि गावाला पश्चिमेकडील रोता या वस्तीशी जोडणारी मातीची अरुंद पट्टी आणखी खचली. बिशपने आपले पीठ आणि नगरपालिकेने आपला कारभार रोतात हलवला. तेच आजचे बान्योरेजो. कारभार गेला की वकील, व्यापारी, पुरोहित आणि त्यांच्यामागून कारागीर जातात. चीवितात राहिले ते शेतकरी, ज्यांना वर नवे वाडे बांधण्याची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. यापुढे जो जमीनदोस्त होत गेला तो भाग तसाच सोडला गेला, आणि जो उभा होता तो बदलला गेला नाही. 'मध्ययुगीन' म्हणून जी अस्सलता आपण वाखाणतो, तिचे मूळ या उपेक्षेत आहे. वेशीतून आत शिरल्यावर रेनेसान्स काळातल्या एका वाड्याची दर्शनी भिंत दिसते. तिच्या खिडक्यांतून आत खोली दिसत नाही, आकाश दिसते, कारण भिंतीमागचा वाडा दरीत गेलेला आहे.

मातीची पट्टी हळूहळू नाहीशी झाली आणि माणसांना पुलाची गरज पडली. जुना पूल दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला, आणि सध्याचा काँक्रीटचा पूल 1965 मध्ये झाला. तोवर आर्थिक परिस्थितीही पालटली होती. इटलीच्या ग्रामीण भागातील बटाईची पद्धत, जिला 'मेझाद्रिया' म्हणतात, तिचे नवे करार 1964 मध्ये कायद्याने बंद झाले, आणि युद्धानंतरच्या औद्योगिक भरभराटीत तरुण मंडळी शहरांकडे गेली होती. बान्योरेजोचा लेखक बोनाव्हेंतूरा तेक्की याने या गावाचा 'मरणासन्न नगर' असा उल्लेख केला. हे शब्द गावाला कायमचे चिकटले. याच काळात वास्तुविशारद आस्त्रा झारिना यांनी चीवितात पडके घर घेऊन दुरुस्त केले आणि पुढे अमेरिकी विद्यापीठाचे विद्यार्थी येथे शिकायला आणले. बाहेरच्या लोकांनी घरे घेऊन सावरण्याची सुरुवात साधारण तेव्हापासूनची आहे.

आता हिवाळ्यात येथे मुक्कामाला असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात. 2010 मध्ये वर्षाकाठी सुमारे 40 हजार पर्यटक येत होते. 2013 मध्ये पालिकेने दीड युरो प्रवेशशुल्क आकारले, जे पुढे वाढवून पाच युरोपर्यंत नेले, आणि 2010 च्या दशकाच्या अखेरीस पर्यटकांची संख्या आठ लाखांच्या घरात गेली. गावात शिरायला तिकीट, हे अनेकांना खटकले होते. तरी त्या रकमेतून देखभालीला हातभार लागला, बान्योरेजोच्या रहिवाशांचे पालिका-कर माफ करता आले आणि रोजगार आला, हेही तितकेच खरे आहे. कडा सावरण्यासाठी केलेल्या कामांची माहिती गावातल्या एका जुन्या वाड्यात 2012 पासून उघडलेल्या भूगर्भ आणि दरडींच्या संग्रहालयात मांडलेली आहे. पर्यटकांनी तिथे किमान अर्धा तास द्यावा, कारण पायाखाली काय चालले आहे ते तिथेच कळते.

गावाची एक जुनी परंपरा मात्र तिकिटाशी निगडित नाही. गुड फ्रायडेला सान दोनातोमधला लाकडी ख्रिस्त पुलावरून मिरवणुकीने बान्योरेजोला नेतात, आणि मध्यरात्रीपूर्वी तो चीवितात परतला नाही तर तो कायमचा बान्योरेजोत राहील, अशी जुनी समजूत आहे. म्हणून त्या रात्री घड्याळ पाहतच मिरवणूक चढण चढून परत येते.