दगडी: एका शब्दाने घातलेला घोळ

दुभत्या जनावराच्या कासेच्या आजाराचं नाव पुस्तकात कासदाह, सरकारी पत्रकात स्तनदाह, पण कोल्हापूरकडच्या गोठ्यात दगडी. कास दगडासारखी लागली की दगडी, इतकं साधं. म्हैस पुन्हा भरवायची, म्हणजे गाभण करायची, की तिला बाजार दाखवायचा, तिची पारडी (मादी रेडकू) दावणीला ठेवायची की नाही, हे निर्णय वर्षानुवर्षं याच शब्दावर होत आलेत. म्हणून आधी शब्दाकडेच बघायला हवं.

व्यायच्या सुमारास, विशेषतः पहिलारू म्हशीची, कास सुजते. बोटाने दाबली की खळगा राहतो. ही सूज जंतूंची नसते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. तिलाही दगडीच म्हणतात. दुसरीकडे कास तापलेली, हात लावू देत नाही, धारेत गुठळ्या, म्हशीने वैरण खाणं सोडलेलं. ही खरी दगडी, आणि इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. तिसरी जुनाट. वरचेवर दाह होऊन सडाच्या मुळाशी गाठ धरते, तेवढा भाग आटतो आणि औषध आत नीट पोचतच नाही. नाव एकच असल्याने पहिलीला उगाच इंजेक्शनं बसतात आणि दुसरीला ‘उतरेल दोन दिवसांत’ म्हणून हळद-कोरफडीच्या लेपावर ठेवलं जातं. (लेपाला माझा विरोध नाही. उशिराला आहे.)

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार तर या शब्दात बसतच नाही. सुप्त कासदाहात कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, म्हैस खातेपिते. फक्त दुधातल्या पेशी वाढलेल्या असतात आणि दूध थोडं घटलेलं असतं, जे वैरणीच्या खात्यावर टाकलं जातं. हा दाह ओळखायची सोपी चाचणी १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. चार खणांची तबकडी, प्रत्येक खणात एका सडाचं दूध, त्यात साबणासारखं द्रावण. मिश्रण चिकट झालं की त्या सडात दाह. काम मिनिटाचं, खर्च किरकोळ. तरी ती तबकडी शिबिरात दिसते, गोठ्यात नाही.

याचं कारण दरात आहे. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला, गावोगाव संस्था निघाल्या आणि दुधाची किंमत फॅट आणि डिग्रीवर (लॅक्टोमीटरने मोजलेल्या दाटपणावर) ठरू लागली. डिग्रीच्या जोडीला एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, आलं. पेशी मात्र दरपत्रकात आल्याच नाहीत. ज्याचे पैसे मिळत नाहीत आणि कापलेही जात नाहीत, ते उत्पादकाने का मोजावं? दोष त्याच्या अडाणीपणावर ढकलणं सोयीचं आहे, एवढंच.

त्याआधीचा काळ वेगळा. कोल्हापूर हे तालमींचं गाव. पैलवानाला धारोष्ण दूध लागायचं आणि गवळी म्हैसच दारात आणून धार काढून द्यायचा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर अजून थेट ग्लासात धार पडते. या कामात पंढरपुरी म्हैस पक्की. ठिकठिकाणी थोडी थोडी धार देणारी, आटोपशीर कासेची. गिऱ्हाईक समोर उभं असल्याने गुठळी लपायला जागा नव्हती. दूध कॅनमध्ये एकत्र होऊ लागलं तशी ही नजर गेली. लिटरच्या मागे लागून हरियाणाची मुऱ्हा, गुजरातची मेहसाणा आणि जाफराबादी आली. दूध वाढलं, पण लोंबती कास आणि जमिनीला टेकू पाहणारे सडही आले. पश्चिमेच्या तालुक्यांतल्या पावसात, शेणचिखलात बसणाऱ्या जनावराला ते महागात पडतं. पाडव्याला रंगवलेल्या शिंगांचं कौतुक सगळे करतात, वाकून कास बघणारा विरळा.

आईला झाली म्हणजे लेकीला होणारच, हा समज गोठ्यात घट्ट बसलाय. पण या आजाराकडे असलेला कल आईकडून लेकीकडे फार कमी प्रमाणात उतरतो. नॉर्वेने १९७८ पासून वळूंची निवड करताना लेकींचा कासदाह धरला आणि त्याचा उपयोगही झाला, पण त्यामागे गायीगायीची आजाराची नोंद होती. दोन म्हशींच्या दावणीवर एका वेतावरून तसा निवाडा होत नाही. कासेची ठेवण आणि सडांची लांबी मात्र वंशातून अधिक येते. म्हणून दगडीने एक सड गेलेल्या, तीन सडांच्या म्हशीची पारडी विकण्यापेक्षा, जिला भरवलं त्या रेड्याच्या लेकींची कास कशी आहे हे विचारणं जास्त शहाणपणाचं. आपल्याकडे चौकशी होते ती रेड्याच्या आईच्या दुधाची.

रेडकाचं दुखणं यालाच जोडलेलं आहे. म्हशीचं बहुतेक दूध वर, ग्रंथीत असतं आणि पान्हा फुटल्याशिवाय खाली उतरत नाही. धारेनंतर रेडकाने उरलंसुरलं ओढून घेतलं तर कासदाह कमी होतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण नर रेडकू हेळसांडीने मरतं आणि मग पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन या पान्हा फोडणाऱ्या संप्रेरकाची सुई येते. पान्ह्यासाठीची जबरदस्ती जुनीच: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुंक्याच्या, म्हणजे दूध उतरावं म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकण्याच्या, प्रथेवर स्वतंत्र कलम घालावं लागलं होतं. २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावर केंद्राने बंदी आणली, ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. जी रेडकं जगतात, त्यांना पुष्कळदा प्रतिजैविक दिलेल्या म्हशीचं दूध पाजलं जातं, कारण ते डेअरीला घालता येत नाही.

बाजारात विकणारा आदल्या दिवसापासून धार न काढता कास तुंबवून आणतो, म्हणजे दाहाला आणखी वाव. घेणारा प्रत्येक सडाची धार तळहातावर घेऊन बघतो. एक सड गेलेला असला की किंमत पडते. सुप्त कासदाहाची म्हैस चारही सडांनी पांढरी धार देते, पुऱ्या किमतीला जाते आणि नव्या दावणीला आधीच्या म्हशींशेजारी बांधली जाते.