कॅमेलिऑनच्या पोटातले जंत आणि पिंजऱ्यात फिरणारं चक्र

पिंजऱ्यातल्या वरच्या पानावर थोडी विष्ठा पडते. ठिबकणारं पाणी त्या पानावरून ओघळतं, खालच्या पानाच्या टोकाशी थेंब होऊन लोंबकळतं आणि कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा पाळीव सरडा, नेमका तोच थेंब चाटतो, कारण वाटीतलं साचलेलं पाणी त्याला सहसा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तिकडे तळाशी खाऊन उरलेला एक रातकिडा विष्ठेवरून चालतो, थोडी कुरतडतो आणि संध्याकाळी फांदीवर चढतो. पुढच्या क्षणी जीभ सुटते आणि रातकिडा पोटात जातो. काल विष्ठेतून बाहेर पडलेली जंतांची अंडी आज पुन्हा आत गेली, तीही कुणाच्या लक्षात न येता.

जंतांवरचं औषध दिलं तरी दोन महिन्यांनी जंत पुन्हा दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हे चक्र असतं. दोष औषधाला दिला जातो. औषध मात्र फक्त आतड्यावर काम करतं, पिंजऱ्यावर नाही.

रानातही बहुतेक कॅमेलिऑनच्या आतड्यात काही ना काही परजीवी असतातच. तिथे प्राणी विष्ठा टाकून दुसऱ्या झाडावर निघून जातो, त्यामुळे त्याच अंड्यांशी पुन्हा गाठ पडण्याची शक्यता कमी असते. पिंजऱ्यात जागा जेमतेम अर्धा-एक मीटर. ज्या परजीवींना मधल्या यजमानाची गरज नसते, म्हणजे विष्ठेतून थेट तोंडात असा ज्यांचा प्रवास असतो, त्यांची संख्या इथे झपाट्याने चढते. सूचिकृमी आणि कॉक्सिडिया हे त्यातले नेहमीचे. पट्टकृमी आणि पर्णकृमी यांना मधला यजमान लागतो, म्हणून ते मुख्यतः रानातून पकडून आणलेल्या प्राण्यांत सापडतात. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू जंतमुक्तच असेल, असं मात्र धरून चालू नये. अंडी त्याच्या वाढीच्या पेटीतही असू शकतात.

सूचिकृमींची थोडी संख्या धडधाकट प्राण्याला सहसा त्रास देत नाही, आणि दर वेळी ती शून्यावर आणायचा अट्टाहासही योग्य नाही. कॉक्सिडियाचं तसं नाही. हे एकपेशीय जीव आतड्याच्या पेशींच्या आत शिरून वाढतात आणि त्या पेशी फोडून बाहेर येतात. येमेनी कॅमेलिऑनमध्ये आढळणाऱ्या ‘आयसोस्पोरा जराचिमरमानी’ या जातीचं वर्णन 1995 मध्ये झालं. ती खास करून पिल्लांना जड जाते. फ्लॅजेलेट म्हणजे शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे सूक्ष्मजीव. थोडे असले तर चालतं, पण प्राणी तणावात किंवा थंडीत राहिला की तेही बेसुमार वाढतात.

कॅमेलिऑन आजार शेवटपर्यंत लपवतो. म्हणून नजरेपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवावा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, त्यावर एक फांदी ठेवा आणि आठवड्यातून एकदा एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. मादीने अंडी घातलेली नसताना दहा टक्के वजन घटलं, तर थांबून पाहण्याची वेळ संपली. निरोगी विष्ठा तपकिरी आणि बांधलेली असते, सोबत पांढरा युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या लघवीचा, खडा असतो. पातळ, दुर्गंधी, चिकट किंवा न पचलेल्या किड्यांचे तुकडे असलेली विष्ठा ही तपासणीची सूचना समजा. युरेट गडद पिवळा-नारिंगी झाला आणि डोळे खोल गेले, तर प्राण्याला पाणी कमी पडतंय. गुदद्वारातून आतडं बाहेर आलं असेल, तर ते ओलं ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायला हवं.

तपासणीशिवाय ‘एकदा जंताचं औषध देऊन टाकू’ हा विचार मनातून काढून टाकावा. कृमींवरचं औषध कॉक्सिडियाला शिवतही नाही आणि कॉक्सिडियावरचं कृमींना. नमुना ताजा हवा: शक्यतो काही तासांतला, फार तर 24 तासांच्या आतला. पांढरा भाग नको, तपकिरी हवा. छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, वाळू नये म्हणून पाण्याचा एक थेंब घालून. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मात्र फ्लॅजेलेट शोधायचे असतील तर फ्रिजमधला नमुना फारसा उपयोगी नाही, कारण ते ओळखू येतात ते त्यांच्या हालचालीवरून आणि थंडीत ती थांबते.

प्रयोगशाळेत दोन गोष्टी होतात. सलाइनच्या थेंबात विष्ठा कालवून काचपट्टीवर थेट पाहिली जाते, त्यात पोहणारे जीव दिसतात. दुसऱ्या पद्धतीत विष्ठा मीठ किंवा साखरेच्या दाट द्रावणात मिसळतात. अंडी द्रावणापेक्षा हलकी असल्याने दहा-पंधरा मिनिटांत वर तरंगून काचेच्या झाकणपट्टीला चिकटतात. एका तपासणीत काही सापडलं नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. अंडी रोज बाहेर पडत नाहीत. काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने तपासले तरच निकालाला वजन येतं. उलटही घडतं: रातकिड्यांच्या स्वतःच्या पोटातले परजीवी कॅमेलिऑनच्या आतड्यातून नुसते पार होऊन काचेखाली दिसतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य हा फरक ओळखतो.

गोल कृमींवर (सूचिकृमी त्यातलेच) सहसा फेनबेंडाझोल वापरतात. पुस्तकी मात्रा किलोला 25 ते 50 मिलिग्रॅम, आणि किती दिवस द्यायचं हे पशुवैद्य ठरवतो. इथली सगळ्यात महागात पडणारी चूक दशांश चिन्हाची असते. 120 ग्रॅमच्या प्राण्याला किलोला 25 मिलिग्रॅम म्हणजे 3 मिलिग्रॅम औषध. बाटलीतलं 10 टक्क्यांचं द्रावण म्हणजे मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम, म्हणजे द्यायचे आहेत 0.03 मिलिलिटर. एक मिलिलिटरच्या सिरिंजवर ही रेघ नीट मोजता येत नाही. म्हणून बाटली चांगली हलवून 1 मिलिलिटर औषध 9 मिलिलिटर पाण्यात मिसळतात. आता त्याच मात्रेला 0.3 मिलिलिटर लागतं, जे डोळ्यांनी स्पष्ट दिसतं. औषधाचे कण तळाशी बसतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सिरिंज भरण्याआधी हलवायलाच हवं आणि पातळ केलेलं उरलं तर टाकून द्यायचं. फेनबेंडाझोल सुरक्षित मानलं जात असलं, तरी जास्त मात्रेत ते अस्थिमज्जेवर घाव घालतं. आयव्हरमेक्टिन कासवांना मारतं. कॅमेलिऑनलाही ते स्वतःच्या अंदाजाने कधीच देऊ नये.

पट्टकृमी आणि पर्णकृमींसाठी प्राझिक्वांटेल, फ्लॅजेलेटसाठी मेट्रोनिडाझोल आणि कॉक्सिडियासाठी पोनाझुरिल, टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातली औषधं दिली जातात. सल्फा औषधं कॉक्सिडियाची वाढ रोखतात, पण मूत्रपिंडावर ताण देतात. सुकलेल्या प्राण्याला ती दिली तर औषधच घात करतं. म्हणून आधी पाणी, मग औषध. तापमानही नीट हवं: येमेनी कॅमेलिऑनला ऊन घेण्याच्या जागी 29 ते 32 अंश मिळालं नाही, तर पचन मंदावतं आणि औषधाचा हिशोब चुकतो. पोटात कृमी खूप असतील तर ते एकदम मेल्याने आतडं तुंबू शकतं, अशा वेळी पशुवैद्य बेतानेच सुरुवात करतो.

औषध पाजताना प्राण्याला मुठीत दाबू नका. बहुतेक कॅमेलिऑन चिडून स्वतःच तोंड उघडतात. नाही उघडलं, तर मऊ रबरी पट्टीने ओठांच्या कडेला हलकेच दाबायचं. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थेंबाथेंबाने सोडायचं, दर थेंबानंतर गिळलं का ते पाहायचं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशी असतं. घाईने मधोमध पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं. जिभेला धरू नये, ओढू तर अजिबातच नये. खाणारा प्राणी असेल तर रेशीमकिड्यासारख्या मऊ अळीत औषध भरून देणं सगळ्यात सोपं.

पहिल्या मात्रेनंतर सुमारे 14 दिवसांनी पुन्हा औषध द्यायला सांगतात, कारण अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. त्यातून निघालेल्या अळ्या वाढून स्वतः अंडी घालू लागण्याआधी त्यांना गाठायचं असतं. बरं वाटतंय म्हणून ही दुसरी मात्रा चुकवली, तर पहिलीही वाया जाते.

आता पिंजरा. ताज्या विष्ठेतले कॉक्सिडियाचे अंड्यांसारखे कोष लगेच संसर्ग करत नाहीत. ओलाव्यात आणि उबेत पिकायला त्यांना साधारण एक-दोन दिवस लागतात. सूचिकृमींच्या अंड्यांनाही वेळ लागतो. म्हणूनच विष्ठा रोजच्या रोज, दिसताक्षणी उचलणं हे कोणत्याही फवाऱ्यापेक्षा जास्त काम करतं. उपचार चालू असेपर्यंत माती आणि कुंड्या बाहेर काढा. तळाला कागदी टॉवेल अंथरून रोज बदला, साध्या फांद्या लावून नंतर टाकून द्या, प्लास्टिकची पानं उकळत्या पाण्यात धुवा. क्लोरिन ब्लीचवर भिस्त ठेवू नका, कॉक्सिडियाचे कोष त्याला दाद देत नाहीत. उकळतं पाणी आणि वाफ मात्र ते मारतात. जाळीचे कोपरे आणि सांधे वाफेने सावकाश शेकून पूर्ण कोरडे होऊ द्या. अमोनियाही चालतो, पण प्राणी बाहेर काढून, आणि ब्लीचसोबत कधीच नाही, कारण त्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

किडे उंच, गुळगुळीत भांड्यात द्या आणि संध्याकाळी उरलेला प्रत्येक किडा काढून घ्या. एकदा पिंजऱ्यात फिरलेला रातकिडा परत किड्यांच्या डब्यात टाकू नका, नाहीतर सगळा डबाच वाहक होतो. ठिबक अशा जागी लावा, जिथे त्याच्यावर बसायला फांदी नाही. प्रत्येक पिंजऱ्याचा चिमटा वेगळा ठेवा आणि आजारी प्राण्याचं काम शेवटी करा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, म्हणून हात साबणाने धुवा आणि भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत नेऊ नका.

शेवटच्या मात्रेनंतर दोन ते तीन आठवड्यांनी विष्ठा पुन्हा तपासून घ्या. लागोपाठचे नमुने स्वच्छ आल्यावरच माती आणि झाडं परत ठेवा. नवा प्राणी आणलात तर त्याला वेगळ्या खोलीत 90 दिवस ठेवा आणि त्या काळात निदान तीनदा विष्ठा तपासा. पहिला नमुना आणल्यावर एक-दोन दिवसांतच घ्या, कारण प्रवासाच्या ताणानंतर अंड्यांची संख्या बहुधा वाढलेली असते.