तेलात गायब झालेली काचेची नळी
परवा भाचीला एक गंमत दाखवत होतो. लॅबमध्ये असते तसली बोरोसिलिकेट काचेची टेस्ट ट्यूब घेतली आणि शेंगदाणा तेलाच्या ग्लासात उभी बुडवली, तर ती छान चकचकीत दिसतच राहिली आणि भाची म्हणाली, "मामा, दिसतेय की!" चूक माझीच, ट्यूबच्या आत हवा होती. मग चमच्याने आत पण तेल ओतत गेलो, आणि जसजसं तेल वर चढलं तसतशी ट्यूब खालून वर कोणीतरी पुसत आणल्यासारखी गायब. तिने बोट घालून चाचपून पाहिली तेव्हा कुठे पटलं.

काच तर तिथंच होती, मग दिसेना का? तर स्वच्छ काच आपल्याला दिसते तीच मुळात प्रकाश तिच्या कडेला वाकतो आणि थोडासा परत फिरतो म्हणून. वाकलाच नाही तर दिसायला काही उरतच नाही.

आता वाकतो कशामुळे, तर स्पीडमुळे. निर्वातात प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किमी जातो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत जेमतेम २ लाख. समजा हातगाडी डांबरी रस्त्यावरून तिरकी वाळूत शिरतेय, एक चाक आधी रुततं, दुसरं अजून डांबरावर पळतंय, म्हणजे गाडी आपोआप वळणार. सरळ शिरली तर दोन्ही चाकं एकदम रुततात, गाडी हळू होते पण वळत नाही. प्रकाशाचं सेम तसंच. निर्वाताच्या तुलनेत तो किती पट हळू झाला तो आकडा म्हणजे अपवर्तनांक (या वाकण्याला जुनी मंडळी वक्रीभवन म्हणायची, आता पुस्तकात अपवर्तन असतं, मला जुना शब्द जास्त आवडतो, वाकणं त्यात दिसतं तरी). पाण्याचा १.३३, हिऱ्याचा तब्बल २.४२. आणि शेंगदाणा तेलाचा १.४७ च्या आसपास, बोरोसिलिकेट काचेचा पण तेवढाच! म्हणजे प्रकाशाला तेलातून काचेत गेल्याचा पत्ताच लागत नाही. घरातला चहाचा ग्लास घेतलात तर जमणार नाही बरं का, ती साधी काच १.५२ ची, पुसटशी कड दिसत राहते.

किती कोनात वाकेल याचा नियम स्नेल या डच गणितज्ञाच्या नावाने शिकवतात, त्याने तो १६२१ मध्ये शोधला, पण बगदादच्या इब्न सहल या गणितज्ञाने ९८४ च्या सुमारासच तो वापरला होता. गंमत म्हणजे नियम माहीत असूनही कारण उलटं धरलेलं, न्यूटनसारख्या माणसाला वाटायचं की प्रकाश पाण्यात जास्त जोरात पळतो. शेवटी १८५० मध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये गरगर फिरणारा आरसा वापरून प्रत्यक्ष तुलना केली तेव्हा कळलं की पाण्यात तो हळूच जातो.

याच वाकण्यामुळे वरून सरळ खाली बघितलं तर ४ फूट पाणी ३ फूटच वाटतं, आणि तिरकं बघितलं तर त्याहून उथळ. घाटावर "ही काय इथंच आहे पायरी" म्हणून मी पाय टाकला आणि कंबरेपर्यंत आत गेलो होतो, खिशात मोबाईल.

पण मला सगळ्यात भारी उदाहरण वाटतं ते वडापावच्या कागदाचं. तेलाचा डाग पडला की तेवढाच कागद आरपार होतो आणि मागची अक्षरं दिसायला लागतात, ते का? कागदाचे तंतू तसे पारदर्शकच असतात, अपवर्तनांक दीडच्या जवळपास, पण त्यांच्यामध्ये हवा असते, तिचा जवळपास १. मग प्रकाश प्रत्येक तंतूला वाकत, उडत, शेकडो वेळा भरकटतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी तेल शिरलं की फरकच उरत नाही, तीच टेस्ट ट्यूबवाली गोष्ट, प्रकाश बराचसा सरळ निघून जातो. पाण्याचा आकडा तेलाइतका जवळचा नाही, पण पावसात भिजलेल्या पांढऱ्या शर्टातून बनियन दिसायला तेवढा पुरतो.