प्रवेश नाकारण्याचा सुरक्षारक्षकाचा अधिकार

खासगी मालमत्तेच्या दारावरचा सुरक्षारक्षक एखाद्याला आत सोडण्यास नकार देऊ शकतो, पण हा अधिकार त्याला गणवेशामुळे मिळत नाही. जागेचा कायदेशीर ताबा ज्याच्याकडे आहे, त्याच्या वतीने तो वागत असतो. म्हणून जे करण्याची मालकाला मुभा नाही, ते रक्षकालाही करता येत नाही.

राहत्या इमारती, कारखाने, कचेऱ्या येथे प्रश्न सोपा आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि नकाराचे कारण सांगण्याचे बंधनही सहसा नसते. खरी गुंतागुंत दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे यांसारख्या जागांची, कारण त्या खासगी असूनही लोकांना खुल्या असतात. वयाची अट, तिकीट, सामानाची तपासणी, दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना मज्जाव, असे नियम सर्वांना सारखे लावले तर नकार सहसा कायद्यात बसतो. माणूस कोणत्या जातीचा, धर्माचा वा वंशाचा आहे यावरून दिलेला नकार मात्र बसत नाही. भारतीय राज्यघटनेचे अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीच्या जागांबाबत हेच सांगते. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हे बंधन घातले. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात अपंगत्वही येते, त्यामुळे अंध व्यक्तीला तिच्या मार्गदर्शक कुत्र्यावरून अडवणे तेथे सामान्यतः बेकायदा ठरते. ‘प्रवेशाचे हक्क राखीव’ ही पाटी असे कायदे रद्द करू शकत नाही, हे दारावरच्या रक्षकाला कामावर घेतानाच सांगायला हवे.

तिकीट काढलेल्याचे काय? इंग्लंडमध्ये १८४५ च्या वुड विरुद्ध लेडबिटर खटल्यात शर्यतीच्या तिकीटधारकाला बाहेर काढणे न्यायालयाने वैध मानले. १९१५ मध्ये मात्र चित्रपटगृहातून विनाकारण हाकललेल्या हर्स्ट या प्रेक्षकाची नुकसानभरपाई कायम झाली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ मध्ये, आधी पडलेल्या पत्त्यांचा हिशेब मनात ठेवून जुगार खेळणाऱ्या केन उस्टनला केवळ त्या कारणावरून कॅसिनोला वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

वॉरंट घेऊन आलेले पोलीस किंवा आग विझवायला आलेले जवान यांना रक्षकाने अडवायचे नसते. भाडेकरूलाही, भाडे थकले तरी, बहुतेक देशांत कायदेशीर प्रक्रियेवाचून त्याच्या घराबाहेर ठेवता येत नाही.

नकार देऊनही कोणी आत घुसले, तर आधी बाहेर जाण्यास सांगावे लागते. त्यानंतर पोलिसांना बोलावणे हा सुरक्षित मार्ग. जेथे कायदा बळाची मुभा देतो तेथेही ते गरजेपुरतेच वापरता येते. मारहाण केल्यास रक्षकाबरोबर त्याला नेमणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो.