दाबोळीची जमीन: पोर्तुगीजांकडून नौदलाकडे

गोव्यात लष्करी जमिनीचा विषय निघाला की बोट आधी दाबोळी विमानतळाच्या नौदल तळाकडे जातं. हा तळ मुळात नौदलाने बांधलेला नाही. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीजांना बाहेर पडायला हवाई वाट हवी होती. दमण, दीव आणि कराचीला जोडणारा हा विमानतळ त्यांनी १९५५ मध्ये सुरू केला. गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नावही त्याला दिलं.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. रात्री खड्डे कसेबसे बुजवून पोर्तुगीजांनी दोन प्रवासी विमानं कराचीला पळवली, ती पळवली! मुक्तीनंतर मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर असताना, एप्रिल १९६२ मध्ये, तळ नौदलाकडे गेला आणि १९६४ साली तामिळनाडूतल्या सुलूरहून आयएनएस हंसा, म्हणजे नौदलाचा हवाई तळ, इथे आला. खरी गोम इथेच आहे. गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली ती डिसेंबर १९६३ मध्ये. तळ दिला गेला तेव्हा अटी घालायला लोकांनी निवडलेलं सरकारच नव्हतं.

पोर्तुगीजांच्या वेळी जेमतेम अडीचशे एकरांचा असलेला तळ आज सुमारे १,७०० एकरांवर पसरलाय. नागरी टर्मिनल हा त्यातला एक कोपरा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावाला, प्रवासी विमानं उरलेल्या वेळेत. शेजारच्या चिखली-बोगमाळोत इमारतीचा मजला चढवायचा तरी उंचीसाठी नौदलाचा ना हरकत दाखला लागतो.

अंजदीवची गत वेगळी. कारवारच्या तोंडाशी असलेलं हे बेट १९६१ मध्ये घेताना नौदलाचे सात जण धारातीर्थी पडले. आता ते कारवारच्या तळाचा भाग आहे आणि तिथल्या जुन्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, जायची वाट भाविकांना बंद झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये दाबोळीजवळच्या सां जासिंतो बेटावर नौदलाला झेंडा फडकवायचा होता, तेव्हा गावकऱ्यांनी आधी हरकत घेतली ती बहुधा अशाच अनुभवांमुळे. विरोध झेंड्याला नव्हता, जमीन जाईल या धास्तीचा होता. पुढे झेंडा फडकलाच.

जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. काही कंपन्यांनी दाबोळी सोडली. नागरी वाहतूक पुरती उत्तरेला सरकली तर अख्खा तळ नौदलाचाच होईल, ही दक्षिण गोव्याची आजची चिंता आहे.